जीसीसी दोनदा का, आणि स्ट्रिपचं काय

एका प्रोसेसरच्या मशीनवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बनवणारा क्रॉस कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं टूल) बांधून त्याचं पॅकेज कसं करायचं, यावरचा लेख आवडला, पण जीसीसी हा कंपायलर दोनदा का बांधावा लागतो हे एका ओळीत उरकलंय आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडकतो. पूर्ण जीसीसीला नव्या प्रोसेसरसाठी बांधलेली सी लायब्ररी लागते आणि ती बांधायला त्याच प्रोसेसरचा कंपायलर. म्हणून आधी बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर, स्ट्रिप अशा टूल्सचा संच), मग सी लायब्ररीच्या हेडर्सशिवायचा (हेडर्स म्हणजे फंक्शन्सची ओळख देणाऱ्या फायली), फक्त सी जाणणारा जीसीसी, मग लिनक्स कर्नलचे हेडर्स आणि ग्लिबसी किंवा मसल यांपैकी एक सी लायब्ररी, शेवटी पूर्ण जीसीसी.

पॅकेजिंगबद्दल थोडी भर घालतो. मी रिस्क-फाइव्ह प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधलेला कंपायलर बिल्ड फोल्डरमधून छान चालायचा, पण पॅकेज इन्स्टॉल केलं की लिंकिंग (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणं) फसायचं. दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. पॅकेजिंगचं टूल सरसकट सगळ्या फायलींवर आपल्या मशीनचाच स्ट्रिप (फायलींतली जादा माहिती काढून टाकणारं टूल) चालवत होतं आणि त्यात लिबजीसीसी या जीसीसीच्या मदतनीस लायब्ररीची वाट लागत होती! आता आपोआप होणारं स्ट्रिप मी बंदच ठेवतो. कंपायलरच्या स्वतःच्या बायनरींना आपल्या मशीनचा स्ट्रिप आणि रिस्क-फाइव्हच्या लायब्ररींना क्रॉस बिनयुटिल्समधला, तोही फक्त डीबग माहिती काढण्यापुरता. लेखात हे कृपया जोडा.