रोरीने काय गमावलं, असं विचारणाऱ्यांसाठी

आयरिश ब्लूज-रॉक गिटारिस्ट रोरी गॅलाहरचं नाव निघालं की आमच्या गिटारवाल्या कंपूत कोणीतरी हळहळतंच, "रोलिंग स्टोन्समध्ये गेला असता तर कुठल्या कुठे पोचला असता!" या वाक्याचा मला राग येतो. खूप वर्षं येतोय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

(आडनाव गॅलाहर. स्पेलिंग बघून आपण गॅलाघर म्हणतो, पण आयर्लंडमध्ये त्यात 'घ' नाही.)

जन्म १९४८ चा, आयर्लंडच्या डोनेगलमधल्या बॅलीशॅननचा. वाढला कॉर्क शहरात. १९६३ साली, पंधरा वर्षांचा असताना, कॉर्कच्या क्रॉली यांच्या वाद्यांच्या दुकानात त्याला एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार दिसली. १९६१ ची, सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) रंगाची, किंमत १०० पौंड. तेवढे पैसे घरात कुठले असायला? पोराने ती हप्त्यांवर घेतली आणि आईची समजूत घातली, की हिच्यावर मी लीडही (मुख्य सूर) वाजवीन आणि ऱ्हिदमही (साथ), दुसरा गिटारवाला लागणारच नाही, म्हणजे हप्ते लवकर फिटतील. त्याचा धाकटा भाऊ डोनल ही आठवण सांगतो. माझी पहिली गिटारही हप्त्यांवरचीच, त्यामुळे या प्रसंगापाशी मी दरवेळी थांबतो. पण खरी गोष्ट अशी की आईला दिलेला तो शब्द त्याने शेवटपर्यंत पाळला. त्याच्या बँडमध्ये दुसरा गिटारिस्ट कधी आलाच नाही.

गिटार एकदा डब्लिनमध्ये चोरीलाही गेली. काही दिवसांनी सापडली ती रस्त्याकडेच्या चरात, पावसात भिजलेली. पुढे घामाने तिचा रंग इतका उडाला की खालचं लाकूड उघडं पडलं. त्याने ती पुन्हा कधी रंगवून घेतली नाही.

सुरुवात शोबँडमधून. म्हणजे सूट घालून डान्सहॉलमध्ये चालू हिट गाणी वाजवायची. तिथून १९६६ मध्ये त्याने 'टेस्ट' हा स्वतःचा बँड काढला. १९७० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या संगीत महोत्सवात त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं आणि वर्ष संपता संपता बँड फुटला. त्याच महोत्सवात प्रसिद्ध अमेरिकन गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सही वाजवून गेला. 'जगातला सर्वोत्तम गिटारिस्ट असणं कसं वाटतं?' 'ते रोरीला विचारा,' असं हेंड्रिक्स म्हणाल्याचा किस्सा तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. तो पुढे पाठवू नका. हेंड्रिक्स असं बोलल्याचा पुरावा कुठेही नाही, आणि रोरीला तशा प्रमाणपत्राची गरज नाही.

पुरावा हवाच असेल तर क्वीन या बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे याला विचारा. क्वीनच्या आधीच्या दिवसांत तो लंडनच्या मार्की क्लबमध्ये रोरीला ऐकायला जायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर थांबून त्याने विचारलं, हा आवाज आणता कसा? रोरीने काही न लपवता सांगून टाकलं: व्हॉक्स एसी-३० अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आणि त्याच्या आधी रेंजमास्टर नावाची एक छोटी डबी. ही डबी वरच्या पट्टीतले सूर उचलून अँपच्या व्हॉल्व्हवर (आतल्या काचेच्या नळ्यांवर) आदळते, त्यांना तो जोर झेपत नाही आणि ते गुरगुरायला लागतात. एवढंच. मग गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं कमी केलं की आवाज स्वच्छ, वाढवलं की फाटका. पायाशी पेडलची रांग नाही. सगळं बोटांत आणि त्या एका बटणात. ब्रायनने तीच जोडी घेतली आणि क्वीनचा आवाज तिच्यावर उभा राहिला.

आता उत्तर आयर्लंडच्या राजधानीबद्दल, बेलफास्टबद्दल. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल.

सत्तरच्या दशकात प्रोटेस्टंट-कॅथलिक संघर्षात तिथे बॉम्ब फुटत होते आणि बाहेरचे बहुतेक बँड शहराकडे फिरकत नव्हते. रोरी जात होता, पुन:पुन्हा. अल्स्टर हॉलमध्ये प्रोटेस्टंट आणि कॅथलिक पोरं एकाच गर्दीत, खांद्याला खांदा लावून त्याला ऐकायची. त्याचा बास वाजवणारा गेरी मॅकअव्हॉय बेलफास्टचाच. १९७४ च्या आयर्लंड दौऱ्याची ध्वनिमुद्रणं ऐका, गर्दीचा आवाज मुद्दाम ऐका. त्या पोरांना घरी परतताना कुठली गल्ली टाळायची हे आधी ठरवून यावं लागत असणार. आणि हा धोका नुसता बोलण्यापुरता नव्हता. ३१ जुलै १९७५ च्या भल्या पहाटे मायामी शोबँडची गाडी उत्तर आयर्लंडमधून परतत असताना बंदूकधाऱ्यांनी अडवली आणि तीन वादकांना मारलं. शोबँड म्हणजे रोरी जिथून आला तेच जग. तरीही त्याने बेलफास्ट सोडलं नाही.

याला मी कारकीर्द म्हणतो.

आणि स्टोन्स? त्यांचा गिटारिस्ट मिक टेलर बाहेर पडल्यावर जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी रोरीला रॉटरडॅमला बोलावलं. तो गेला, काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवलं. पण स्वतःचा जपान दौरा तोंडावर आला होता, तिकिटं विकली गेली होती. पक्कं काय ते विचारायला तो स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सच्या खोलीवर गेला, तर कीथ झोपलेला. रोरी निघाला आणि जपानला जाऊन वाजवून आला. जागा पुढे रॉनी वुडला मिळाली. यात गमावलं काय, ते मला अजून कळलेलं नाही. जो माणूस गाणं कापून तीन मिनिटांचं करावं लागेल म्हणून सिंगल (एकट्या गाण्याची तबकडी) काढायलाच तयार नव्हता, तो दुसऱ्याच्या बँडमध्ये कोपऱ्यात उभा राहून सुखी झाला असता का?

किंमत मात्र त्याने मोजली, ती दुसरीकडे. विमानाची भीती, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, वर दारू, आणि वर्षानुवर्षं न थांबणारे दौरे. यकृत निकामी झालं. १० जानेवारी १९९५ ला त्याने शेवटचं वाजवलं, तेही रॉटरडॅमलाच, स्टोन्सच्या त्या रात्रींनंतर जवळजवळ वीस वर्षांनी. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये यकृत बदललं, शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण नंतर जंतुसंसर्ग झाला आणि १४ जूनला तो गेला. वय ४७. त्या गोळ्या वेळीच कोणीतरी हातातून काढून घ्यायला हव्या होत्या, हे मला आजही वाटतं. हळहळायचंच असेल तर इथे हळहळा.

ती स्ट्रॅटोकास्टर १७ ऑक्टोबर २०२४ ला लंडनमध्ये बॉनहम्सच्या लिलावात निघाली. ती देशाबाहेर जाऊ नये म्हणून आयर्लंडमध्ये लोकांनी आवाज उठवला होता. शुल्कासकट ८,८९,४०० पौंडांना गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेनऊ कोटी रुपयांच्या वर. घेणाऱ्या आयरिश कंपनीने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. बातमी वाचून माझे डोळे भरून आले.

फक्त एक वाटतं. संग्रहालयाने वर्षातून एकदा ती काचेतून बाहेर काढावी, कॉर्कला न्यावी, आणि तासाभरासाठी एखाद्या पंधरा वर्षांच्या पोराच्या किंवा पोरीच्या गळ्यात अडकवावी. घामाचे डाग पडले तर पडू देत.