जीआय तार का नको: मोहोळच्या वाचकांना उत्तर

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उजनी काही समुद्र नाही, गोड्या पाण्यात लूरला (माशाला भुलवणाऱ्या लाकडी मासोळीला) जीआय तार, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, पुरते. शिवाय मी सांगितलेली ३०४ दर्जाच्या स्टेनलेसची तार तुम्ही आणली, तर तिला चुंबक चिकटला. म्हणजे माल खोटा आणि माझा सल्लाही न तपासलेला. वर खर्चाचीही काळजी, निदान स्विव्हलचा खर्च तरी वाचवावा असं तुमचं मत.

आधी चुंबकाचं. ३०४ च्या पत्र्याला चुंबक सहसा चिकटत नाही, हे खरं. पण तोच धातू थंड असताना डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, ओढून बारीक केला, की त्याची आतली रचना थोडी बदलते आणि त्याला जरासं चुंबकत्व येतं. कडक तारेत ते जास्त जाणवतं. त्यामुळे चुंबक हलका ओढला एवढ्यावरून दुकानदाराला चोर ठरवू नका. तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवा. साधं लोखंड असेल तर फडक्यावर तांबूस डाग पडेल.

आता जीआय. माझा आक्षेप गंजावर कमी, मऊपणावर जास्त आहे. हाताने सहज वळते म्हणून ती आपल्याला आवडते, आणि तशीच ती माशाच्या ओढीने उघडतेही. हिपरग्याच्या तलावात मरळ पाणवेलीतून लूर घेते, तेव्हा तिला खेळवायला जागा नसते, सरळ ओढावंच लागतं. सगळा भार तारेच्या शेपटीकडच्या, हुक अडकवलेल्या कडीवर येतो. दोरी शाबूत राहते, कडी सरळ होते आणि मरळ ट्रेबल (तीन टोकांचा) हुक तोंडात घेऊन जाते. मासा गेल्याचं दुःख नाही, पण तो हुक घेऊन गेलेला मला सहन होत नाही. आणि गंजाचंच म्हणाल तर कडीच्या घट्ट वळणावर जस्ताचा थर तडकतो, लाकडात मुरलेली ओल तिथेच काम करते, गंज फुगतो आणि रंगाला चिरा जातात.

खर्चाची काळजी रास्त आहे. वेल्डिंगच्या दुकानात टिग वेल्डिंगची ३०८एल फिलर रॉड (स्टेनलेसचीच, जोडात भरायची सळी) मागा, १.२ मि.मी.ची. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले फॅब्रिकेशनवाले हीच वापरतात. मीटरभर लांब आणि सरळ असते, एकीत चार-पाच लूर सहज होतात. गेजमध्येच मागायची तर १८ गेज म्हणजे साधारण १.२ मि.मी. आणि २० गेज म्हणजे ०.९. लहान लूरला २० चालते.

तार नाकापासून शेपटीपर्यंत अखंड घाला. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडात स्क्रूची कडी धरत नाही, ओलीने आटे सैल होतात. गोल नाकाच्या पकडीने कडी वळवा आणि उरलेलं टोक मूळ तारेभोवती अंगालगत चार वेढे द्या. वेढ्यांत फट दिसली तर ते टोक कापून नव्याने करा. रंग द्यायच्या आधी नाकाची कडी खिळ्याला अडकवून शेपटीला पाण्याने भरलेली दहा लिटरची बादली टांगा, म्हणजे दहा किलोचा भार झाला. जीआयची आणि स्टेनलेसची, दोन्ही लूर अशा टांगून बघा.

स्विव्हलचा (गरगर फिरणाऱ्या जोडकडीचा) खर्च वाचवा, हे मात्र तुमचं बरोबर. ती फिरत्या चमच्याच्या लूरला लागते, लाकडी लूरला साधा स्नॅप (उघडमीट होणारी कडी) पुरतो. स्प्लिट रिंगच्या (हुक अडकवायच्या दुहेरी वेढ्याच्या कडीच्या) जागी किल्ल्यांची रिंग तेवढी लावू नका, तीही मऊच असते.