माजघराच्या ओल्या भिंतीबद्दल, काम केलेल्या दुकानाच्या मालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

उत्तराला अकरा दिवस लागले. भिंत स्वतः बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं, आणि गणपतीच्या आधीच्या गडबडीत तुमच्या गावी यायला जमत नव्हतं.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मे महिन्यात ओल थांबवायच्या कामाचे ९२ हजार घेतले, ५ वर्षांची गॅरंटी सांगितली आणि ऑगस्टमध्ये माजघराची व मागच्या खोलीची भिंत पुन्हा ओली. रंगाचे पोपडे, वर पांढरा खार. वाळू खारी वापरली. फोन उचलत नाहीत. माणूस पाठवला तो "हवा दमट आहे" म्हणून हात झटकून गेला.

फोनचं खरं आहे. तुमचे सात कॉल आले आणि एकही उचलला गेला नाही. दुकानाचा फोन पुतण्याकडे असतो, पण दुकान माझं आहे, त्यामुळे चूक माझीच. आणि पाठवला तो रंगारी होता, गवंडी नव्हे. ओलीच्या तक्रारीवर रंगारी पाठवणं म्हणजे दाढ दुखतेय म्हणून न्हाव्याकडे पाठवण्यासारखं झालं.

आता भिंत. मी गेलो तेव्हा काकी घरी होत्या. माजघरात उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, कापूस चिकटवल्यासारखी खाराची आडवी पट्टी होती. सरळ, दोरी धरून मारल्यासारखी. खाली आमचा नवा गिलावा, वर जुना, आणि खार नेमका त्या सांध्यावर. थापीच्या मुठीने ठोकत गेलो तर सांध्याच्या वर बद्द आवाज. थोडा जुना गिलावा खरवडला तर आत शिंपल्यांचे बारीक तुकडे निघाले. म्हणजे तुमच्या वडिलांच्या वेळी वाळू खाडीतून आली होती, आणि नीट धुतली गेली नव्हती. चिमूटभर जिभेला लावून बघितली, खारट. आम्ही वापरली ती क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू होती. तिची पावती माझ्याकडे आहे, तुम्हाला पाठवली आहे. तेव्हा खारी वाळू आमची नव्हती. पण ती जुनी वाळू तिथे ठेवली आम्हीच. ओल दिसते तिथपर्यंतच गिलावा फोडला, तो किमान फूट-दीड फूट वरपर्यंत फोडायला हवा होता. मिस्त्रीने विचारलंही होतं. कोटेशन वाढेल म्हणून मी नको म्हटलं.

त्याहून मोठी चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती लिहायला मला जास्त जड जातंय.

तुमचं घर जांभ्या चिऱ्याचं, चिरे मातीत बसवलेले, जोत्यात डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा थर नाही. त्या काळी आपल्याकडे घरं अशीच बांधत. चिरा पाणी पितो. जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि जिथे हवा मिळेल तिथे सुकून बाहेर पडते. जुनी माणसं म्हणून चिरा बाहेरून उघडा ठेवून नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी भरत, नाहीतर चुन्याचा गिलावा करत. चुन्यातून भिंत श्वास घेते. आम्ही काय केलं? आतून एकास चार सिमेंट-वाळूचा गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल, वर दोन हात पुट्टी, त्यावर प्लास्टिक पेंट. पाण्याला आत यायची वाट तशीच राहिली आणि बाहेर पडायची आम्ही बंद केली. मग ते आणखी वर चढलं आणि आमचा गिलावा संपला तिथे बाहेर आलं. पाणी उडून गेलं, मीठ मागे राहिलं. मिठाचे खडे फुगतात ते पुट्टीला आतून ढकलतात, म्हणून पोपडे.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. चुन्याचं काम सावकाश चालतं, आणि तुम्हाला १ जूनला काकींचं सहस्रचंद्रदर्शन करायचं होतं. तुम्ही म्हणालात, "भिंत फोटोत चांगली दिसली पाहिजे." मी हो म्हटलं. तिथे नाही म्हणायला हवं होतं. साधा सिमेंट गिलावासुद्धा रंगाआधी महिनाभर वाळू द्यावा लागतो, आम्ही बाराव्या दिवशी पुट्टी ओढली. फोटो चांगले आले असतील.

गॅरंटीचं सांगतो. ५ वर्षांचं कार्ड आहे ते कंपनीचं, बाहेरच्या भिंतीवरच्या कोटिंगचं. बाहेरचं कोटिंग मी नीट तपासलं, त्याला काही झालेलं नाही. जमिनीतून चढणाऱ्या ओलीला ते कार्ड लागू होत नाही. पण कोटेशनवर "संपूर्ण ओल प्रतिबंधक काम" हे शब्द मी लिहिले होते. कोणीही वाचलं तरी त्याचा अर्थ तुम्ही घेतलात तोच निघतो. तेव्हा त्या कार्डाआड मी लपणार नाही.

आता तुमच्या बाजूचं थोडं. राग मानू नका. गेल्या वर्षी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यात अंगण नऊ इंच उचललं गेलं. जोतं दीड फुटाचं होतं, ते आता पाऊण फूट उरलंय. कौलं काढून पत्रे घातलेत, त्यांची पुढची झेप कमी आहे आणि पन्हळ नाही. पागोळ्या थेट पेव्हरवर पडतात आणि पाणी उडून भिंतीवर येतं. चिऱ्यावर गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलाचे शिंतोडे आहेत, जाऊन बघा. त्यात उत्तरेला भिंतीला चिकटून जास्वंदीचा वाफा. मे महिन्यात हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, कागदावर लिहून दिलं नव्हतं. म्हणून "मी सांगितलं होतं" असं आज म्हणत नाही.

मागच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आहे, तिथे मात्र रंगारी अर्धा बरोबर होता. त्या भिंतीवर आणि माजघराच्या भिंतीवर मी जेवणाच्या डब्यात घालतात ती चंदेरी फॉइल वीतभर चिकटवून आलो, चारी कडा टेपने बंद करून. दोन दिवसांनी काकींनी फोन केला (मी पहिल्या रिंगला उचलला). माजघरात थेंब फॉइलच्या मागे होते, म्हणजे पाणी भिंतीतून येतंय. मागच्या खोलीत मागची बाजू कोरडी आणि थेंब पुढच्या बाजूला, म्हणजे पाणी हवेतलं. ती खोली जूनपासून बंद असते आणि कपाट भिंतीला टेकलेलं. तिथे गिलावा फोडायची गरज नाही. कपाट चार बोटं पुढे ओढा, वरची झडप उघडी राहू द्या. हा फॉइलचा प्रयोग कोणीही घरी करून बघावा. फोनवर फोटो पाठवून "किती होतील?" विचारण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

माझ्याकडून दोन गोष्टी देतो, त्यातली एक तुम्ही निवडा.

एक, आतल्या कामाचे ३१,४०० रुपये परत. तुम्ही दुसऱ्या कोणाकडूनही काम करून घ्या. फक्त कोणी भिंतीला भोकं पाडून ओल थांबवणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देतो म्हणाला तर आधी मला विचारा. जांभ्याला मुळातच इतकी भोकं असतात की औषध कुठे जाईल याचा नेम नाही.

दोन, काम आम्हीच पुन्हा करायचं, आतल्या भिंतीची मजुरी आणि माल माझा. दिवाळीनंतर माजघराची भिंत पाच फुटांपर्यंत सोलायची आणि तशीच उघडी ठेवायची. खार बाहेर येईल तसा कोरड्या ब्रशने झाडून सुपात भरायचा. पाण्याने पुसायचा नाही, पुसला की परत आत जातो. भिंत वाळली की फेब्रुवारी-मार्चमध्ये चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. पुट्टी नाही, प्लास्टिक पेंट नाही. गुळगुळीत दिसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. बाहेर भिंतीलगत दोन फूट पेव्हर काढून चर खणायचा, त्यात खडी, उतार विहिरीच्या उलट बाजूला, आणि पत्र्याला पन्हळ. हा खर्च तुमचा, कारण ते काम आमच्या कोटेशनमध्ये कधीच नव्हतं. बाहेरचं होणार नसेल तर आतलं मी घेणार नाही, पैसे परत देईन. नाहीतर पुढच्या ऑगस्टमध्ये आपण दोघं इथेच भेटू.

तोपर्यंत त्या भिंतीवर कुणाला पुट्टी मारू देऊ नका, सणासाठीसुद्धा नाही. आणि जास्वंदीचा वाफा आधी हलवा. काकी ऐकायच्या नाहीत, गणपतीला फुलं कुठून आणू म्हणतील. विहिरीच्या कडेला जागा मी बघून ठेवली आहे, रोपं आमची माणसं मातीच्या गड्ड्यासकट काढून देतील. माझं नाव सांगा.