गोलात आहे त्याला आधी जाऊ द्या

दादा, मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "रोटरी परदेशात ठीक आहे. नागपुरात कोणी कोणाला जागा देत नाही. इथे सिग्नल आणि पोलीसच पाहिजे, लोकांना शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आणि पायी चालणाऱ्यांचं काय?" तुमचा वैताग मला कळतो. संध्याकाळी तुंबलेल्या रोटरीत, म्हणजे मधोमध गोल असलेल्या चौकात, मीही स्कूटीवर अडकते. पण ती फक्त बेशिस्तीमुळे तुंबते, हे मला पटत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या शाळेच्या मैदानावर आम्ही चुन्याने गोल आखला, त्याला चार रस्ते जोडले आणि सातवीच्या मुलांना सायकली घेऊन सोडलं. नियम सांगितलाच नव्हता. गोलातली एक मुलगी बाहेरून येणाऱ्याला "तू जा" म्हणत थांबली. तिच्यामागचा थांबला, त्याच्यामागची थांबली, आणि ज्याला बाहेर पडायचं होतं त्याचीच वाट बंद झाली. सगळा गोल ठप्प! बेशिस्त कुठे होती? होता तो चांगुलपणाच. मग एवढंच सांगितलं : शिरताना उजवीकडे बघा, गोलात आहे त्याला आधी जाऊ द्या. पुढच्या फेरीत सायकली फिरत राहिल्या.

ब्रिटनमधले गोलही असेच तुंबायचे. १९६६ मध्ये तिथे हाच नियम देशभर लागू झाला, तेव्हा ते सुटले. आपल्याकडच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांतही तो आहे. पण लायसन्स काढताना मला गाडीने आठचा आकडा काढायला लावला, रोटरीचं नावही कोणी घेतलं नाही. तुम्हाला विचारलं होतं का?

विरोध सगळीकडेच होतो. अमेरिकेत कॅन्सस, मेरीलँड आणि नेवाडातल्या तीन ठिकाणी पाहणी झाली. रोटरी होण्याआधी ३१ टक्के चालक तिच्या बाजूने होते, वापरायला लागल्यावर ६३ टक्के. म्हणूनच मी आधी फिरवून दाखवा म्हणते, शाळेत, ऑटो स्टँडवर, स्कूलव्हॅनवाल्या भाऊंना.

आणि सुरक्षितता! चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना भिडतात अशा ३२ जागा असतात, एकपदरी रोटरीत ८. रात्री अकराला लाल दिवा तोडून कोणी सुसाट निघू शकतो, नीट बांधलेल्या गोलाला मात्र वळसा घालावाच लागतो.

व्हरायटी चौकात रोटरी करा असं मी म्हणत नाही, तेवढ्या गर्दीला सिग्नलच हवा. पायी चालणाऱ्यांचा तुमचा मुद्दाही खरा आहे. झेब्रा क्रॉसिंग गोलापासून थोडं मागे नसेल, तर आजीबाईंनी रस्ता ओलांडायचा कसा?

येत्या रविवारी सकाळी सातला त्याच मैदानावर ऑटोवाल्या भाऊंसाठी पुन्हा गोल आखतोय. गाडी घेऊन या, पहिली फेरी तुमची.