पूल आरक्षणाने पडत नाहीत

कर्नाटकातल्या निपाणीच्या माझ्या मावसभावाला त्याच्या शाळेतल्या मित्राने गेल्या आठवड्यात एक मेसेज ढकलला. मजकूर असा: ‘कर्नाटकात सरकारी टेंडरमध्येही आरक्षण! दोन कोटींपर्यंतची कामं आता जात बघून. लायकी नसलेले पूल बांधणार, आपण त्यावरून जाणार. करदात्यांचा पैसा पाण्यात. टेंडर सगळ्यांना खुलं असतं, हिंमत असेल तर स्पर्धा करा. उद्या महाराष्ट्रातही हेच!’ खाली मित्राची स्वतःची ओळ: ‘मजा आहे बाबा तुमची.’ भाऊ तिथे अनुसूचित जातीत येतो; डिप्लोमा सिव्हिल, नोंदणीकृत काँट्रॅक्टर. गटारी, फुटपाथ, शाळेच्या खोल्यांची दुरुस्ती अशी कामं करतो. त्याने उत्तर दिलं नाही. हाच मेसेज इथे कोल्हापुरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला, म्हणून मी देतोय.

आधी ते पुलाचं. कर्नाटकात अनुसूचित जातींच्या काँट्रॅक्टरांसाठी १७.१५ टक्के आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामं राखीव ठेवली, ती ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत. २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटी झाली. दोन कोटींचं विधेयक मार्च २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण राज्यपालांनी सही न करता ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं. ज्याच्यावर मेसेज उभा आहे ते दोन कोटी असे अडकले. आणि एक कोटीत काय होतं? गटार होतं, अंगणवाडीची खोली होते, काँक्रीट रस्त्याचा एक तुकडा होतो. बिहारमध्ये गंगेवरचा अगुवानी-सुलतानगंज पूल बांधता बांधता पुन्हा पुन्हा कोसळला, तो १,७१० कोटींचा होता. तिथवर कुठल्या राखीव कामाची मर्यादा पोचते? मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ ला तुटला, १३५ माणसं गेली. त्याच्या दुरुस्तीसाठी निविदाच का काढली नाही, हे गुजरात उच्च न्यायालयाला विचारावं लागलं. पूल पडले ते अशा कामांत, आणि लायकीचा प्रश्न मात्र गटार बांधणाऱ्या पोराला.

‘लायकी नसलेले’ या शब्दांचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. आम्ही वडार. कर्नाटकात भोवी म्हणून अनुसूचित जातीत, हद्दीच्या अलीकडे विमुक्त जातीत. धरणांचा, रस्त्यांचा, रेल्वेचा दगड आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या फोडला. फोडायला लायकी होती, बिल काढायची वेळ आली की नाही?

राखीव काम म्हणजे घरपोच पाकीट नव्हे. त्या गटातल्या नोंदणीकृत काँट्रॅक्टरांमध्ये निविदा निघते आणि तिथेही सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच काम जातं. म्हणजे पैसा पाण्यात वगैरे काही नाही. भाऊ स्वतः बिलो भरतो, अंदाजपत्रकाच्या खाली, आणि मग सिमेंटचा भाव वाढला की रात्र रात्र हिशोब करत बसतो. स्लॅब टाकला की तिथल्याच काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे क्यूब भरायचे, पाण्यात ठेवायचे, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ते दाबून फोडायचे. क्यूब फेल, तर बिल अडकलं. ते फोडणाऱ्या मशीनला जात कळत नाही. मोजमाप पुस्तिकेत इंजिनिअरने नोंद केल्याशिवाय रुपया सुटत नाही, आणि काम झाल्यावरही अनामत अडकून राहते. हे सगळं राखीव कामालाही तसंच लागू आहे.

आता ‘टेंडर सगळ्यांना खुलं असतं’. केंद्रीय दक्षता आयोगाचं १७ डिसेंबर २००२ चं परिपत्रक वाचा. मोठ्या कामाची निविदा भरणाऱ्याची पात्रता कशी ठरवावी, ते त्यात आहे. गेल्या सात वर्षांत तत्सम कामं पूर्ण केलेली हवीत: अंदाजित खर्चाच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. शिवाय तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल त्याच खर्चाच्या ३० टक्के. हे परिपत्रक केंद्राच्या यंत्रणांसाठी आहे, पण राज्यांच्या, पालिकांच्या निविदांतही याच वळणाच्या अटी सापडतात. एक कोटीच्या कामाला असा नियम लावला आणि एकाच कामावर पात्र व्हायचं, तर आधी ८० लाखांचं काम केलेलं हवं. ते ८० लाखांचं मिळवायला ६४ लाखांचं. असं खाली खाली येत जा आणि सांगा, पहिलं काम कोण देतं? ज्याच्या बापाचा मिक्सर आणि जेसीबी दारात उभा आहे, त्याला कुणीतरी पोटठेका देतो, अनुभवाचा दाखला देतो, बँक सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, देते. भावाने पहिल्या अनामतीसाठी मावशीच्या पाटल्या गहाण टाकल्या. अनुभवाची अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही, मोठ्या पुलाला ती हवीच. पण तिच्या पहिल्या पायरीवर चढायला छोटी कामं लागतात, आणि राखीव ठेवलीत ती नेमकी छोटीच.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, मनाविरुद्ध. नाव एकाचं आणि धंदा दुसऱ्याचा, हे चालतं. राखीव गटातल्या गरजू माणसाचं लायसन वापरायचं, त्याला दोन-तीन टक्के टेकवायचे आणि काम आपण करायचं, असे लोक आहेत. पण यात चोर कोण? लायसन भाड्याने घेणारा हा बहुतेकदा आधीच बड्या कामांत बसलेला काँट्रॅक्टर असतो. बँक खात्यातून पैसे कुठे गेले, साइटवर यंत्रं कुणाची उभी होती, हे तपासा आणि अशा माणसाला काळ्या यादीत टाका. योजना बंद केली तर त्याचं काहीच जात नाही, भावाचं सगळं जातं.

राहिलं ‘उद्या महाराष्ट्रातही’. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याची छोटी कामं कित्येक वर्षं वाटूनच दिली जातात: ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. काम वाटप समिती असते. हे वाटप जातीवर नाही, म्हणून त्यावर कधी मेसेज फिरला नाही, लायकीचा प्रश्न निघाला नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज ज्यांनी टाकला, त्यांचा मुलगा याच ३३ टक्क्यांतल्या अभियंत्यांच्या यादीत आहे. त्याने घेतलेलं काम त्याने नीट केलं, रस्ता चांगला आहे. काका, निपाणीतला पोरगाही तसाच करतो.