कोरी पुस्तकं खुशाल देऊन टाका

आमच्या चुलत-आते भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: आजी-आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकांचं काय करायचं? एका गटाचं म्हणणं, वाचनालयाला द्या. पण रेघा मारलेली, जिल्द सुटलेली पुस्तकं घ्यायला वाचनालयं फारशी राजी नाहीत, हे चौकशी केल्यावर कळलं. दुसरा गट रद्दी हा शब्द तोंडानं काढत नाही, इतकंच. तिसरा गट तंत्रस्नेही: सगळं स्कॅन करा, ड्राइव्हवर टाका, विषय संपला. आणि चौथी मी, अमेरिकेत बसून "काही टाकू नका रे" म्हणणारी. त्यावर चुलतभावानं सुनावलं, "तिकडे बसून हळवं व्हायला तुझं काय जातं? वाळवी आम्ही झटकतो."

बरोबर आहे त्याचं. लांब राहणाऱ्याला आठवणींचं ओझं होत नाही, कारण ते उचलायला दुसरंच कुणीतरी असतं. विमानात बॅग २३ किलोंची. तिच्यात मी तरी किती पुस्तकं कोंबणार? म्हणून हट्ट आवरता घेऊन मी दुसरा प्रस्ताव मांडलाय. कोरी पुस्तकं देऊन टाका, अगदी पहिल्या आवृत्तीची असली तरी. ज्यांवर घरातल्या कुणी काही लिहिलंय, तेवढी ठेवा. छापलेला मजकूर आणखी कुठेतरी मिळेल. समासात लिहिलेला जगात त्या एकाच प्रतीत आहे.

उदाहरण देते. कपाटात गृहस्थाश्रमावर उपदेश करणारं एक जुनं पुस्तक आहे. घर गृहिणीच्या सोशिकपणावर उभं असतं अशा आशयाच्या एका परिच्छेदाखाली आजोबांनी शाईनं ठसठशीत रेघ ओढलीय आणि बाजूला लिहिलंय, "उत्तम." त्याच्या खाली बारीक, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात पेन्सिलीनं: "लेखकास महिनाभर घर चालवावयास द्यावें." अक्षर आजीचं. आजी आजोबांना कधी उलटून बोलल्याचं आत्यालाही आठवत नाही. मी व्हिडिओ कॉलवर ते पान दाखवलं, तेव्हा आत्या आधी हसली, मग म्हणाली, "पुढचं पान उलट बघू." पुढच्या एकाही पानावर आजोबांची रेघ नाही. योगायोग असेल. मला तसं वाटत नाही.

सगळंच इतकं चविष्ट नसतं, हेही सांगायला हवं. बहुतेक टिपा म्हणजे तारखा, "पान ४२ पाहा", दूधवाल्याचा हिशेब. एका पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत जे लिहिलंय ते आमच्यासाठी नव्हतंच. मी त्याचा फोटो काढला नाही आणि ग्रुपवर सांगितलंही नाही. वारसा मिळाला म्हणून सगळं वाचायचा हक्कही मिळतो, असं मी मानत नाही.

स्कॅनवाल्यांना माझं एवढंच म्हणणं: करा, पण रंगीत करा. कृष्णधवल स्कॅनमध्ये फिकट पेन्सिल पुसल्यासारखी होते. म्हणजे आजोबांचं "उत्तम" राहील आणि आजीच तेवढी नाहीशी होईल.

परदेशात या गोष्टींची फार कदर असते, असा आपल्याकडे एक समज आहे. तो अर्धाच खरा. इथल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत "लाडक्या लेकीस, वाढदिवसानिमित्त" छापाच्या अर्पणांची पुस्तकं ढिगानं पडलेली असतात. त्या लेकीचं काय झालं, कोण जाणे. पण दुसरी बाजूही आहे. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१४ साली 'बुक ट्रेसेस' नावाचा उपक्रम सुरू झाला. मजकूर संगणकावर आहे, मग ही प्रत कशाला, असं म्हणून वाचनालयांतली जुनी पुस्तकं निघून जायच्या आत त्यांच्यातल्या वाचकांच्या खुणा शोधायच्या, हे त्याचं काम. त्याच्याही कितीतरी आधी, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतनासाठी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधली हातानं लिहिलेली पानं फाडून सरकारकडे धाडली होती. त्यांतली कित्येक राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहेत. आजही इथल्या केंद्रीय न्यायालयांच्या पुरावा नियमांत ऐकीव माहिती पुरावा म्हणून चालत नाही, या मनाईतून घरच्या बायबलसारख्या कौटुंबिक नोंदींना सूट आहे.

आणि सतराव्या शतकातला फ्रेंच गणितज्ञ फर्मा तर सगळ्यांना माहीत असतो. आपल्याकडे एका प्रमेयाची सिद्धता आहे पण ती मावण्याइतका समास रुंद नाही, असं डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाच्या समासात लिहून ठेवणारा. त्याच्या मुलाची आठवण मात्र कुणी काढत नाही. बाप १६६५ मध्ये गेला, सॅम्युएलनं १६७० मध्ये बापाच्या टिपांसकट तो ग्रंथ छापला. मूळ प्रत पुढे हरवली. म्हणजे १९९५ मध्ये अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता छापून येईपर्यंत गणितज्ञांना छळणारी ती ओळ शिल्लक राहिली, ती वडिलांची पुस्तकं टाकण्याआधी मुलानं उघडून पाहिली म्हणून.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगते. महाराष्ट्रात गेली दोन वर्षं भाषेवरून रान उठलंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. कुठल्या इयत्तेत कुठली भाषा, हा वाद महत्त्वाचाच आहे. पण त्यात हस्ताक्षर वाचता येणं हा विषय मला कुठे दिसला नाही. वास्तविक आपण एकदा पोळलो आहोत. मोडी लिपी शाळांतून गेली आणि पुण्याच्या पुरालेखागारातले पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मोजक्या जाणकारांवर अवलंबून राहिले. इथे इंग्रजीचं तेच होऊ घातलंय. बऱ्याच शाळांतून अक्षरं एकमेकांना जोडून लिहायचं कर्सिव्ह वळण गेलं आणि मुलांना आजीचं शुभेच्छापत्र वाचता येईना. कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा करून ते परत शिकवायचं ठरवलं.

माझी मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जाते, छापील गोष्ट अडखळत का होईना वाचते. आजीची टीप समोर धरली तर हरते. अक्षरांवर रेघ नाही, 'ख' कुठला आणि 'रव' कुठला ते कळत नाही. स्क्रीनवर ती 'ल' आणि 'श' बहुतेक हिंदी वळणाचे पाहते, आजीचे मराठी वळणाचे. आजोबा सावरकरी पद्धतीनं 'अितिहास' लिहायचे, ते तिला चूक वाटतं. आजीच्या "द्यावें"वरचा अनुस्वारही. तो अनुस्वार पाहून मी तिला सांगितलं, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, म्हणजे ही टीप बहुधा त्याआधीची. "मग पणजी तेव्हा किती वर्षांची होती?" असं तिनं विचारलं. आजीबद्दल तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

शाळेच्या बाईंना मी सुचवलं, आठवड्याला एक हस्तलिखित पान वाचायला द्या. त्या म्हणाल्या, अभ्यासक्रमात बसत नाही, परीक्षेत त्याला गुणही नाहीत. त्यांचंही खरं आहे, तासभरात त्या तरी काय काय करणार? तरी पुढच्या रविवारी मी दोन पानांच्या प्रती काढून नेतेय, आणि बाकीच्या पालकांनाही आपापल्या घरची आणायला सांगितलीत. गुण नसले तरी चालेल.