हातावर दही ठेवण्याआधी

मे २०२५. पुतण्याची सुट्टी अर्धीसुद्धा झाली नव्हती आणि युनिटमधून फोन आला, ताबडतोब परत या. ऑपरेशन सिंदूर सुरू होऊन एकच दिवस झाला होता. दारात ढोल, गुलाल, पोरं मोबाईल धरून उभी. वहिनीनं त्याच्या हातावर दही ठेवलं. मी त्याला बाजूला गोठ्याकडं ओढलं आणि विचारलं, "सूनबाईचं नाव फौजेच्या रेकॉर्डला काय लागलंय?"

तो बघतच राहिला. "तात्या, हे आत्ता?"

आत्ताच. का, ते सांगतो.

मी एएससीत, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होतो. कारगिलच्या वेळी श्रीनगर-लेह रस्त्यावर गाडी चालवली. पदक वगैरे काही नाही. आटा, रॉकेल आणि तोफेचे गोळे वाहिले. १३ जूनला तोलोलिंग आपल्या हातात आलं, तोवर द्रासजवळचा रस्ता वर बसलेल्या शत्रूला ताटात वाढल्यासारखा दिसायचा. म्हणून कानवाई, म्हणजे गाड्यांचा ताफा, रात्री, हेडलाइट बंद. फौजी गाडीच्या मागच्या चाकांमधल्या गोळ्याला, डिफरन्शियलला, पांढरा रंग असतो आणि त्यावर एक मिणमिणता दिवा. पुढच्या गाडीचा तो पांढरा गोल धरून चालवायचं. डोळे त्या गोलावर आणि डोक्यात काय? भारतमाता? खोटं कशाला बोलू. डोक्यात विहिरीवरची मोटर.

मोटर उन्हाळ्यातच जळाली होती. सोसायटीचं कर्ज थकलेलं. चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद. पोरगी त्या जूनमध्ये पहिलीत जायची होती. धाकटा अकरा महिन्यांचा, आणि त्याच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर निघाली की नाही ते मला काही केल्या आठवेना. फौजेत लग्न झालं, मूल झालं, की ते पार्ट टू ऑर्डरनं रेकॉर्ड ऑफिसला कळवावं लागतं. नाही कळवलं तर घरी पाळणा हलत असला तरी कागदावर तुम्ही सडेच.

त्यात आपल्याकडची नावांची तऱ्हा. बायकोचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं आणि माझ्या शीट रोलमध्ये, म्हणजे नोकरीच्या नोंदीत, तिसरंच, कारण क्लार्क परमुलखातला, त्यानं ऐकलं तसं लिहिलं. उद्या मी उडालो तर ती माझीच बायको आहे हे तिनं कुठल्या कुठल्या खिडकीवर सिद्ध करायचं? मरणाची भीती वाटायचीच, नाही म्हणत नाही. पण ती गोळा पडेपर्यंत. ही दुसरी भीती बरॅकमध्ये पांघरुणात शिरायची.

पत्रं जायची, यायची. पत्ता ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल. मी लिहायचो, इकडे सर्व ठीक, हवा छान आहे. ती लिहायची, इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी. सप्टेंबरात सुट्टी आलो तर मोटर चालू होती आणि तिच्या गळ्यातली पोत नव्हती. मोडून मोटर भरून आणली होती. म्हटलं, पत्रात का नाही लिहिलंस? म्हणाली, "तुम्ही तरी कुठं काय लिहिलं होतं?"

६५ आणि ७१ च्या लढाईत बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडंच उरकायचे, घरी तार यायची. कारगिलला पहिल्यांदा एवढ्या पेट्या तिरंग्यात गावोगाव आल्या. ५२७ जण गेले. गावात रंगीत टीव्ही एकाच घरी. बायका कामं टाकून तिथं जायच्या आणि आमची दारातूनच परत यायची, हे मला आईनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

आपण वीरपत्नीला साडीचोळी देतो, स्टेजवर बसवतो. नियम काय होता माहीत आहे? शौर्यपदकाचा भत्ता विधवेनं दुसरं लग्न केलं की बंद. दिराशी केलं तरच चालू! ही अट २०१७ साली काढून टाकली. म्हणजे मी गाडी चालवत होतो तेव्हा ती होती. तरण्या जवानानं हे वाचून काय समजायचं? आपल्यामागं बायको घरातच फिरवायची वस्तू आहे, हेच ना?

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. ब्रिटिशांनी तिथं स्मारकाची शिळा लावली. तो आकडा आम्ही छाती फुगवून सांगतो, मीही सांगतो. त्यांच्या मागं राहिलेल्या बायकांनी पोरं कशी वाढवली, हे मला तरी आजवर कुणी सांगितलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आणि त्यावर वहिनी अजून माझ्यावर रागावलेली आहे. निघायच्या वेळी असलं अभद्र बोलतात का, म्हणते. मला ते अभद्र वाटत नाही. जवानानं सुट्टीत बायकोला समोर बसवून सांगावं, खातं जॉइंट आहे की नाही, विम्याला वारस कोण, देणं कुणाचं किती, सातबाऱ्यावर आपलं काय. माझं बरंवाईट झालं तर तू तुझं बघ, दुसरं लग्न करावंसं वाटलं तर कर, हेही सांगावं, आणि जमलं तर आईबापासमोर. हार घालणाऱ्यांपैकी एकानं तरी तलाठ्याकडं तिच्याबरोबर एक चक्कर मारावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कुठं आहे, हे आमच्या गावात किती घरांना ठाऊक असेल?

पुतण्या त्या दिवशी काही बोलला नाही. पाया पडला, गाडीत बसला. १० तारखेला गोळीबार थांबला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रात्री फोन आला. कुठं आहे ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मागं जनरेटरचा आवाज.

"तात्या, तिचं नाव खरंच चुकलंय. गॅझेट करावं लागेल का ॲफिडेव्हिटवर भागतंय?"